निरवानिरव वेळेवर: आयुष्याच्या अखेरीची तयारी आणि घरच्यांशी बोलणे

अखेरची तयारी म्हटले की बहुतेकांना मृत्युपत्र आठवते, आणि मालमत्तेची वाटणी कागदावर उतरली की काम संपले असे मानले जाते. प्रत्यक्षात कुटुंबाची सर्वांत मोठी ओढाताण मृत्यूपूर्वीच्या काही दिवसांत होते. रुग्ण शुद्धीवर नसतो, अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना तासाभरात उत्तर हवे असते, आणि श्वासासाठी यंत्र लावायचे की नाही या प्रश्नावर मुलगा एक सांगतो, मुलगी दुसरे सांगते आणि जोडीदाराला काहीच सुचत नाही. हा प्रसंग टाळायला लागणारी तयारी खर्चिक नाही आणि फारशी किचकटही नाही. तिच्यात अवघड आहे ते बोलणे, म्हणून पुढील मजकुरात कागदपत्रांपेक्षा बोलण्याला अधिक जागा दिली आहे.

‘माझे मन घरच्यांना ठाऊक आहे’ हा विश्वास बहुतेकांना असतो, पण तो पुरेसा नाही. रुग्णाला कोणते उपचार हवेसे वाटतील याचा त्याच्या जवळच्या माणसांना कितपत अंदाज येतो, हे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा अंदाज ६८ टक्के वेळाच बरोबर निघाला. म्हणजे साधारण तीनपैकी एका निर्णयात अत्यंत प्रेमाची माणसेही चुकली. प्रेम आणि माहिती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माहिती आपण स्वतः तोंडाने दिल्याशिवाय कोणाकडे पोहोचत नाही.

सुरुवात प्रकृती ठीक असतानाच करावी. गंभीर आजाराचे निदान झाल्यावर हे काम पुढे ढकलू नये, आणि निदान स्मृतिभ्रंशाचे असेल तर पहिल्या काही महिन्यांतच उरकावे, कारण समजून-उमजून निर्णय घेण्याची क्षमता ओसरल्यानंतर केलेल्या सहीला कायद्याच्या दृष्टीने फारसे बळ उरत नाही.

आधी स्वतःशी

घरच्यांसमोर बसण्यापूर्वी स्वतःचे उत्तर थोडेफार तयार असावे. ‘मला त्रास नको’ किंवा ‘उगाच ताणू नका’ अशी वाक्ये सगळेच बोलतात, आणि निर्णयाच्या क्षणी त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, कारण त्रास कोणता आणि ताणणे म्हणजे काय हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. त्याऐवजी स्वतःला नेमके प्रश्न विचारावेत. अंथरुणाला कायमचे खिळलो, पण माणसे ओळखतो आणि बोलतो, तर ते जगणे मला चालेल का? माणसेच ओळखेनाशी झाली तर? आणखी काही महिने मिळण्यासाठी किती वेदना, किती रुग्णालयवास मी पत्करीन? शेवटचे दिवस घरी जावेत असे वाटते का, आणि घरच्यांना ते झेपणारे नसेल तर त्याबद्दल माझे काय म्हणणे आहे? या प्रश्नांना सर्वांसाठी बरोबर असे एक उत्तर नाही. शेवटपर्यंत सर्व उपचार करा, ही इच्छाही तितकीच रास्त आहे आणि तीसुद्धा स्पष्टपणे सांगावी लागते.

उत्तरे काढण्यासाठी चार-पाच उपचारांची जुजबी ओळख असणे आवश्यक आहे. पहिला म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर दाब देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, म्हणजेच सीपीआर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचे हृदय अचानक थांबले तर हा उपाय खरोखर जीव वाचवतो. पडद्यावर पाहून मात्र त्याच्याविषयी अवास्तव अपेक्षा तयार होतात. रुग्णालयातच हृदय थांबलेल्या प्रौढांपैकी साधारण चार-पाच जणांत एक जण जगून बाहेर पडतो, आणि शरीर दीर्घ आजाराने आधीच पोखरले गेले असेल तर हे प्रमाण बरेच खाली येते. दाबामुळे बरगड्या मोडणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या मेंदूला इजा झालेली असते. प्रगत कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात हृदय थांबते तेव्हा तो त्या आजाराचा शेवट असतो, आणि छाती दाबल्याने मूळ आजार मागे हटत नाही.

व्हेंटिलेटरबाबत विचारायचा प्रश्न असा की ज्या कारणासाठी तो लावला जात आहे ते कारण बरे होण्यासारखे आहे का. न्यूमोनियातून सावरेपर्यंत दिलेला आधार आणि परत न येणाऱ्या शुद्धीची वाट पाहत चालू ठेवलेले यंत्र, या दोन गोष्टींना एकच होकार किंवा एकच नकार देऊ नये. डायलिसिसलाही हाच विचार लागू होतो. नळीतून अन्न देण्याचा प्रश्न घरच्यांना सर्वांत जास्त छळतो, कारण खाऊ न घालणे म्हणजे उपाशी मारणे अशी भावना त्यात मिसळलेली असते. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात मात्र नळीने आयुष्य वाढते किंवा श्वासनलिकेत अन्न जाणे थांबते असे अभ्यासांतून दिसलेले नाही, आणि अशा रुग्णांना सावकाश, त्यांना हवे तेवढेच हाताने भरवावे असा सल्ला वृद्धांवर उपचार करणारे तज्ज्ञ देतात.

होकार आणि नकार यांच्यामध्ये तिसराही एक मार्ग असतो, आणि तो फार कमी कुटुंबांना ठाऊक असतो: मुदतीचा प्रयत्न. एखादा उपचार ठरावीक दिवसांसाठी सुरू करायचा, सुधारणा म्हणजे काय दिसायला हवे हे डॉक्टरांशी आधीच ठरवायचे, आणि त्या मुदतीत ते दिसले नाही तर उपचार थांबवून रुग्णाला आराम देण्याकडे वळायचे. ज्यांना स्वतःची उत्तरे पक्की करता येत नाहीत, त्यांनी निदान ‘माझ्यासाठी मुदतीचा प्रयत्न करा’ एवढे तरी सांगून ठेवावे.

याच टप्प्यावर उपशामक सेवेविषयी, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरविषयी, असलेला गैरसमज दूर करावा. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र सुरू केले, तेव्हा मरणासन्न माणसाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही अंगांनी पाहिली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ही सेवा म्हणजे डॉक्टरांनी हात टेकणे, अशी समजूत आजही सर्रास आढळते. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवरील एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक सेवाही मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि ते सरासरी अधिक जगलेही: ८.९ महिन्यांच्या तुलनेत ११.६ महिने. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ज्यांना या सेवेची गरज आहे त्यांच्यापैकी केवळ सुमारे १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते. त्यामुळे कोणी सुचवण्याची वाट न पाहता ती आपणच मागावी. मॉर्फिनची भीतीही अशीच अनाठायी असते; तज्ज्ञाने योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन वेदना आणि धाप कमी करते, मरण ओढवून आणत नाही.

आपल्या वतीने बोलणारा कोण

सगळ्या तयारीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढे काय घडेल याचा तंतोतंत अंदाज कोणताच कागद बांधू शकत नाही; प्रत्यक्ष प्रसंग कागदातल्या कलमांपेक्षा वेगळाच उभा राहतो, आणि तेव्हा आपल्या जागी उभे राहून विचार करणारे माणूस लागते. ही निवड वयाच्या ज्येष्ठतेवर करू नये. सर्वांत जास्त जीव लावणारी व्यक्ती यासाठी योग्य असतेच असेही नाही, कारण जिला आपला वियोग सोसवणार नाही तिला ‘आता पुरे’ म्हणणे जवळपास अशक्य होते. डॉक्टरांना प्रश्न विचारू शकेल, नातेवाइकांच्या दबावाखाली वाकणार नाही, फोन केल्यावर सापडेल आणि स्वतःचे मत बाजूला ठेवून आपले मत मांडू शकेल, असे माणूस निवडावे. ते भावंड असेल, भाची असेल किंवा जुना मित्र असेल. त्याला आधी विचारावे आणि त्याने नकार दिला तर मनाला लावून घेऊ नये. एक पर्यायी नावही ठरवावे. ‘सर्व मुलांनी मिळून ठरवावे’ हे वाक्य समतेचे वाटते, पण निर्णयाच्या वेळी त्यातूनच भांडणे निघतात.

बोलणे कसे काढावे

घाई नसलेली, कोणी आजारी नसलेली आणि फारशी माणसे नसलेली वेळ निवडावी. सगळे आयतेच जमले आहेत म्हणून समारंभाच्या दिवशी हा विषय काढू नये. सुरुवात स्वतःपासून न करता ओळखीतल्या एखाद्या आजारपणापासून केली तर बोलणे सोपे जाते, कारण दुसऱ्याच्या बाबतीत काय योग्य झाले आणि काय नको होते यावर माणसे मोकळेपणाने बोलतात आणि तेथून ‘माझ्यावर अशी वेळ आली तर’ या वाक्यापर्यंतचे अंतर लहान असते. सर्व प्रश्न एकाच बैठकीत संपवण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या वेळी आपल्या वतीने कोण बोलेल एवढेच सांगितले तरी चालेल.

‘असले अभद्र बोलू नका’ ही प्रतिक्रिया येणारच, हे धरून चालावे. ती नाराजीपेक्षा भीतीची असते, म्हणून वाद घालू नये आणि विषय सोडूनही देऊ नये. शांतपणे इतके सांगावे: “त्या वेळी मला बोलता येणार नाही आणि माझ्या नावाने तुम्हालाच उत्तर द्यावे लागेल. तुम्ही चुकलात की बरोबर होतात, हा प्रश्न नंतर आयुष्यभर तुमच्या मनात राहू नये म्हणून आज सांगतो आहे.” हे निव्वळ सांत्वन नाही. मेलबर्नमधील एका रुग्णालयात ८० किंवा त्याहून अधिक वयाच्या ३०९ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी अखेरच्या इच्छांबद्दल पद्धतशीर चर्चा करण्यात आली होती. पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही गटांत मिळून ५६ रुग्णांचा मृत्यू झाला. चर्चा झालेल्या गटातील ८६ टक्के मृतांच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते. शिवाय चर्चा झालेल्या कुटुंबांत मृत्यूनंतरचा ताण, चिंता आणि नैराश्यही कमी आढळले.

आपले म्हणणे सांगून झाल्यावर निवडलेल्या व्यक्तीला ते तिच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावावे. ऐकणाऱ्याने काय समजून घेतले हे तेव्हाच कळते, आणि बऱ्याचदा ते आपण बोललो त्याहून वेगळे असते. तिला थोडी मोकळीकही द्यावी: “मी सांगितले त्यापेक्षा परिस्थिती वेगळी निघाली, तर तुला योग्य वाटेल ते कर, मी तुला दोष देणार नाही.” अपराधीपणाचे मोठे ओझे या एका वाक्याने हलके होते. नंतर तीच गोष्ट बाकीच्यांसमोर, त्या व्यक्तीच्या उपस्थितीत, स्वतः सांगावी. दूर राहणाऱ्या नातेवाइकांना यातून वगळू नये. वर्षानुवर्षे लांब असलेले माणूस शेवटच्या दिवशी येऊन पोहोचते आणि ‘सगळे काही करा’ असा हट्ट धरते, हा अनुभव जगभरच्या डॉक्टरांना आहे. त्यामागे बहुधा जवळ नसल्याची खंत असते. अशा नातेवाइकाशी व्हिडिओ कॉलवर का होईना, आधीच बोलून घ्यावे.

बोलणे मुलांकडून सुरू व्हायचे असेल तर अधिक नाजूक होते, कारण आईवडिलांना त्यात घाई किंवा लोभ दिसू शकतो. म्हणून मालमत्तेचा उल्लेखही न करता केवळ उपचारांविषयी बोलावे, आणि शक्यतो स्वतःचे कागद करून मगच विचारावे: “बाबा, मी माझ्यासाठी हे लिहून ठेवले आहे, तुमच्या बाबतीत मी काय सांगावे असे तुम्हाला वाटते?” त्यांनी टाळले तर काही आठवडे जाऊ द्यावेत. कुटुंबाच्या डॉक्टरांकडून विषय काढवून घेणे हाही चांगला मार्ग आहे.

आजार आधीच गंभीर असेल तर घरचे रुग्णापासून निदान लपवतात. हेतू चांगला असला तरी बहुतेक वेळा रुग्णाला अंदाज आलेला असतो आणि दोन्ही बाजू एकमेकांसमोर नाटक करत राहतात. निरोप, क्षमा, सांगायच्या राहिलेल्या गोष्टी सगळ्यांना त्यात मुकावे लागते. सत्य एकदम समोर टाकणे हाही उपाय नव्हे. “तपासण्यांबद्दल सगळे सविस्तर जाणून घ्यायला आवडेल, की आम्हीच डॉक्टरांशी बोलत राहू?” असे रुग्णालाच विचारावे आणि तो मागेल तेवढेच, त्याच्या वेगाने सांगावे. काही जणांना खरोखरच जाणून घ्यायचे नसते, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

कागद

बोलणे झाल्यावर ते लिहावे. उपचारांबद्दलच्या इच्छा आधीच नोंदवून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, ही कल्पना अमेरिकी वकील लुई कटनर यांनी १९६९ साली मांडली आणि १९७६ साली कॅलिफोर्नियाने तिला कायद्याचे रूप दिले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे इच्छापत्र वैध ठरवले आणि २०२३ साली त्याची प्रक्रिया सुलभ केली. साक्षीदार किती, प्रमाणित कोणी करायचे, आपल्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीचे अधिकार कुठपर्यंत, हे देशागणिक बदलते, म्हणून आपण राहतो तेथील नियम पाहून मगच सही करावी. नमुना कोणताही वापरला तरी दोन-तीन परिच्छेद स्वतःच्या भाषेत जरूर लिहावेत, कारण छापील चौकटींत खुणा करून जे सांगता येत नाही ते डॉक्टरांना आणि घरच्यांना त्यातून उमगते. हा कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हा न ठेवण्याचाच प्रकार आहे. प्रतिनिधीकडे, डॉक्टरांकडे आणि घरात सहज हाती लागेल अशा जागी त्याच्या प्रती असाव्यात, शिवाय घरच्यांच्या फोनमध्ये त्याचे छायाचित्र असावे.

मृत्युपत्राबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते तारीख आणि साक्षीदारांसह असावे, ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, आणि त्याची अंमलबजावणी करणारी व्यक्ती त्यातच नेमावी. वाटणी असमान असेल तर कारण जिवंतपणीच सांगावे; ते नंतर वकिलाच्या तोंडून ऐकण्यासारखे कडू काही नसते. सोबत खाती, विमा, कर्जे, देणी-घेणी आणि मूळ कागद कोठे आहेत, याची एक यादी ठेवावी. फोन कसा उघडायचा हे एका विश्वासू माणसाला माहीत असावे, कारण आज बँकेचा संदेशही त्याच फोनवर येतो. गूगल, फेसबुक आणि ॲपल या तिघांच्याही खात्यांत आपल्या पश्चात कोणाला काय पाहता येईल हे आधी ठरवण्याची सोय आहे. ते काम थोड्याच वेळात होते.

अवयवदान करायचे असेल तर नोंदणीपत्रापेक्षा घरच्यांना सांगणे अधिक उपयोगी ठरते, कारण पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष वेळी त्यांचीच संमती विचारली जाते. हृदय, यकृत यांसारखे अवयव प्रामुख्याने रुग्णालयात मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे बंद, झाल्यावरच देता येतात. नेत्रदान मात्र घरी नैसर्गिक मृत्यू झाल्यावरही, काही तासांच्या आत, शक्य असते. देहदानाचा स्वीकार आजार किंवा शरीराची अवस्था पाहून नाकारला जाऊ शकतो, म्हणून दुसरा पर्यायही सांगून ठेवावा.

शेवटच्या दिवसांत काय दिसते

रुग्णाला घरी ठेवायचे ठरले असेल तर पुढे काय दिसेल हे घरच्यांना आधी ठाऊक असावे; नसेल तर ऐनवेळी घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि जे टाळायचे होते तेच सुरू होते. झोप वाढते, भूक आणि तहान मंदावते. ही शरीराची आवराआवर असते, त्यामुळे आग्रहाने भरवू नये. गिळता न आल्यास घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ आणि तोंड ओलसर ठेवावे. हातपाय गार पडतात, श्वास कधी खोल, कधी उथळ होतो आणि मध्येच काही सेकंद थांबतो. घशातून घरघर येते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, पण त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही, आणि कूस बदलल्यास ती कमी होऊ शकते. ऐकण्याची शक्ती उशिरापर्यंत शाबूत असू शकते, म्हणून त्याच्याशी बोलत राहावे आणि उशाशी बसून वाटणीची चर्चा करू नये. रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांना किंवा उपशामक पथकाला फोन करायचा आणि मृत्यूचे प्रमाणपत्र कोण देणार, हे लिहून भिंतीवर लावून ठेवावे.

एकदा केलेले सर्व कागद काही वर्षांनी पुन्हा वाचावेत. नवे निदान, विवाह किंवा घटस्फोट, जोडीदाराचा किंवा नेमलेल्या प्रतिनिधीचा मृत्यू, दुसऱ्या देशात स्थलांतर, यांपैकी काही घडले तर लगेच वाचावेत. मत बदलले असेल तर नवा कागद करून त्यावर तारीख घालावी, जुन्या प्रती ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडून परत घेऊन फाडून टाकाव्यात, आणि काय बदलले ते प्रतिनिधीला समोर बसवून सांगावे.